शनिवारपर्यंत तीन गाड्या

"मला तीन गाड्या निवडून द्या," बाई दारातूनच म्हणाल्या. "शनिवारच्या आत. आणि स्वस्तातल्या."

प्रूफकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. आपल्या बायकोकडे लोक पळून गेलेले भाडेकरू, खोट्या सह्या आणि क्वचित एखादा हरवलेला नवरा घेऊन येतात, हे त्यांना माहीत होतं. गाड्यांची खरेदी घेऊन कोणी आलं नव्हतं.

"जुन्या गाड्यांची दुकानं पलीकडच्या रस्त्याला आहेत," ते भलेपणाने म्हणाले.

"अहो, त्यांना आत तरी येऊ द्या," आतून आवाज आला.

आवाज पंचनामाबाईंचा. विमा कंपनीत ठोकलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्यांचे पंचनामे करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी खाजगी तपासाची पाटी लावली, आणि गल्लीने त्यांना हे नाव बहाल केलं. गंमत अशी, की गाडीचा खिळा न् खिळा ओळखणाऱ्या या बाईला गाडी चालवता येत नव्हती. ते काम काकांकडे. काका छापखान्यात मुद्रितशोधक होते. सुटलेली वेलांटी त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसे, समोरून येणारा ट्रक मात्र जवळ आल्याशिवाय दिसत नसे.

पाहुण्या बाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. त्यांची मोटार ड्रायव्हिंगची शाळा होती. नवऱ्याने सुरू केलेली, त्याच्या माघारी त्यांनी एकटीने ओढलेली. रविवारी संध्याकाळी शेडला आग लागली आणि शाळेच्या तिन्ही गाड्यांची राख झाली.

"विमा?"

"थर्ड पार्टीचा. परवडत नव्हता दुसरा. म्हणजे आमची गाडी जळाली तर आम्हाला फुटकी कवडी नाही." त्या हसल्या, आणि ते हसू बघून काकांना कसंसंच झालं. "शनिवारी दुपारी परवान्याची तपासणी आहे. तीन गाड्या तपासणीच्या आवारात नेऊन उभ्या दाखवायच्या. बदली असल्या तरी चालतील, पण तीन, आणि शिकवायला तयार. एक जरी कमी पडली तर परवाना गेला. मुदत मागायला गेले होते, साहेबांनी हात वर केले. दागिने मोडून जे आलं ते या पर्समध्ये आहे. यात मी फसले तर पुन्हा उभी राहू शकणार नाही. म्हणून आले तुमच्याकडे."

"आग कशाने लागली?"

"शॉर्टसर्किट म्हणाले. ते जाऊ द्या हो. जळालं ते जळालं. पुढचं बघा."

"पुढचं बघायच्या आधी मला जळालेलं बघायची खोड आहे," पंचनामाबाई म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

शाळा म्हणजे रस्त्यालगत एक छोटं ऑफिस, त्याच्या मागे एक खोली आणि आवारात पत्र्याची शेड. शेडचे पत्रे काळे पडून वाकले होते. खाली तीन सांगाडे उभे होते. रंग कुठेच उरला नव्हता. पुढे-मागे वेड्यावाकड्या झालेल्या नंबरप्लेटा तेवढ्या लटकत होत्या.

"बिचाऱ्या," काका म्हणाले.

पंचनामाबाई बॉनेटखाली डोकावत होत्या. काकाही मदत करावी म्हणून एका गाडीच्या खिडकीतून आत वाकले. चालकाच्या बाजूला सीटच्या स्प्रिंगा, स्टिअरिंगचं कडं, खाली तीन पेडल. ते आणखी वाकले आणि त्यांचा चष्मा शेजारच्या सीटच्या बाजूला पडला. मग काय, गुडघे टेकून चाचपणं आलं. पत्रा सपाट होता, हात इकडून तिकडे विनाअडथळा फिरला आणि राखेत चष्मा सापडला.

"मिळाला!" काका विजयी मुद्रेने उठले. हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"काही लागलं नाही ना हाताला?"

"काही नाही. नुसती राख."

"बरं," पंचनामाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी जाऊन दुसऱ्या दोन गाड्यांमध्येही त्याच जागी हात फिरवला. आपला चष्मा तिकडे कसा असेल, असं काकांना वाटून गेलं. पण बायकोच्या मध्ये बोलायचं नाही, हे ते संसारात शिकले होते.

फाटकाच्या खांबावर माणसाच्या डोक्याच्या वर एक ताजी खरचट होती. तिच्यात पिवळा रंग भरला होता.

"ही कधीची?"

"आग विझवायला बंब आला होता ना, त्याची असेल," एक म्हातारा पुढे येत म्हणाला. हे शाळेचे मास्तर. बाईंच्या नवऱ्याच्या काळापासून इथे शिकवत होते.

"बंब आत आला होता?"

"छे! फाटकातून मावतोय कुठे? रस्त्यावरच थांबला. तिथून पाइप ओढला." मास्तर बोलता बोलता थांबले आणि खांबाकडे बघत राहिले. "पण शुक्रवारी ही खरचट नव्हती, एवढं नक्की. फाटक मीच लावलं होतं."

"शनिवार-रविवारी तुम्ही कुठे होतात?"

"मी आणि बाई परगावी. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं लग्न होतं. बसने गेलो. म्हटलं, गाड्यांना जरा विश्रांती."

"मग इथे कोण होतं?"

"मी होते," ऑफिसच्या दारातून उत्तर आलं.

ही बाईंची नणंद. वयाने मोठी, लग्न न केलेली, भावाच्या वेळेपासून ऑफिस सांभाळणारी. मागच्या खोलीत राहत असे. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"शनिवारपासून फाटक उघडलंच नाही मी," ती म्हणाली. "गुडघ्याने हैराण होते. पडून होते आतच. रविवारी धुराचा वास आला तेव्हा बाहेर आले. किल्ल्या माझ्या हातात होत्या हो! पण किल्ल्या असून काय उपयोग? मला स्टिअरिंग धरता येत नाही. दुसरी कोणी असती तर निदान एक गाडी बाहेर काढली असती."

"गाड्यांचे कागद?"

"गाड्यांमध्येच होते. गेले."

"ताई, पुरे आता," बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुमचा काय दोष त्यात?"

नणंदेने पदराने डोळे पुसले. "माझं ऐक वहिनी, हा नाद सोड. किती फरफट करून घेशील? जे हातात आहे ते ठेव आणि शाळा बंद कर."

"आणि मग मी काय करू, ताई? मला दुसरं येतं काय?"

संध्याकाळी नणंद रोजच्यासारखी गुडघ्याच्या व्यायामाला निघून गेली. काकांना तिचं कौतुक वाटलं. एवढ्या संकटात माणूस नेम मोडत नाही, म्हणजे कमाल आहे.

शुक्रवारी सगळी वरात जुन्या गाड्यांच्या आवारात पोचली. मास्तरांच्या ओळखीचा दलाल होता. जिभेवर साखर घोळवत त्याने तीन गाड्या पुढे केल्या. पांढरी, निळी आणि एक करडी.

"तुमच्यासाठी म्हणून या भावात, ताई. बाहेर विचारून बघा."

भाव खरोखरच इतका कमी होता, की बाईंचा हात लगेच पर्सकडे गेला. पंचनामाबाईंनी तो धरला. मग त्यांनी पांढऱ्या गाडीची सीट पुढे सरकवली, खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि हुंगलं.

"कुठल्या पुरातली?"

"काय बाई थट्टा करता!"

"सीटच्या खाली गंज आणि सीटबेल्ट ओढला की शेवटच्या टोकाला चिखल. ही गाडी गळ्यापर्यंत पाण्यात होती. चार महिन्यांत हिची वायरिंग राम म्हणेल. मास्तर, तुम्हाला यात किती मिळणार होते?"

मास्तरांचा चेहरा उतरला. "थोडंसं कमिशन. बाई, पाण्याचं मला खरंच ठाऊक नव्हतं. माझ्या पोरीचं बाळंतपण आलंय. दोन महिन्यांचा पगार मी मागितला नाही तुमच्याकडे, आणि मागणारही नव्हतो."

बाईंनी मान फिरवली. त्यांना रागही येत होता आणि लाजही वाटत होती.

"निळी आणि करडी बऱ्या आहेत," पंचनामाबाई म्हणाल्या. "पण म्हणजे दोनच झाल्या."

"दोन कशा चालतील?" बाईंचा आवाज चिरकला. "तीन हव्यात!"

"आणि दुसरा ब्रेक?" मास्तर चाचरत म्हणाले. "शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही ब्रेक लागतो. खालून लोखंडी दांडा टाकून तो पलीकडच्या ब्रेकला जोडायचा. मिस्त्री रात्रभर बसला तरी सगळ्या गाड्यांचं होणं कठीण आहे. गाडी आज ताब्यात आली तरच काही आशा."

"निळी चालवून तरी बघू," पंचनामाबाई म्हणाल्या. "अहो, तुम्ही बसा. मागे आम्ही तिघं. ताई, तुमचा गुडघा मागे मुडपणार नाही, तुम्ही पुढे बसा."

"नको गं बाई, पुढे मला धडकी भरते."

"काही होत नाही. हे हळूच चालवतात."

हळू चालवणं काकांना जमत होतंच. बाकीचं जमत नव्हतं. पहिल्याच वळणावर एक हातगाडी आडवी आली, काकांच्या तोंडचं पाणी पळालं आणि पायाखाली नक्की कुठलं पेडल आहे तेच त्यांना आठवेना. मागे बाई किंचाळल्या. मास्तरांचा पाय पुढच्या सीटवर धाडकन आपटला.

तेवढ्यात शेजारून एक हात आला. दोन बोटांनी स्टिअरिंग थोडंसं वळवून त्याने तिथेच धरून ठेवलं. "घाबरायचं नाही. क्लच पूर्ण, आता ब्रेक," नणंद म्हणाली. तिचा पाय सपाट पत्र्यावर दाबला गेला होता, आणि नजर समोरच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात गेली होती. काकांनीही तिकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं.

गाडी हातगाडीच्या अलीकडे थांबली.

"तुमचे उपकार झाले," काका घाम पुसत म्हणाले.

"अहो, मी तर डोळेच मिटले होते," नणंद म्हणाली आणि मग तिने पदर तोंडाला लावला.

आवारात परतल्यावर बाईंनी पर्स उघडली. "निळी आणि करडी घेते. तिसरीचं बघू. पांढरी तर पांढरी. तपासणीपुरती उभी राहील."

"आज एक पैसाही द्यायचा नाही," पंचनामाबाई म्हणाल्या.

"काय?"

"उद्या सकाळपर्यंत थांबा. याहून स्वस्त तीन गाड्या आहेत माझ्या नजरेत."

"उद्या? उद्या दुपारी तपासणी आहे! मिस्त्री तिकडे वाट बघत बसलाय!" बाईंचा तोल सुटला. "तुमचं काय जातंय? तुमची शाळा नाही, तुमचा नवरा नाही गेला! मी चूक केली तुमच्याकडे येऊन."

काकांना पहिल्यांदाच बायकोचा राग आला. बाई बिचारी बुडत होती आणि ही तिच्या हातातली काठी काढून घेत होती. पंचनामाबाई मात्र खाली मान घालून एवढंच म्हणाल्या, "उद्या गाड्या मिळाल्या नाहीत, तर तुमच्या दारात मी येऊन बसेन आणि तुम्ही द्याल ती शिवी खाईन."

दलालाने मोठ्या मनाचा आव आणून दुसऱ्या दिवशी दहापर्यंत गाड्या राखून ठेवायचं कबूल केलं.

संध्याकाळी बायकोच्या हुकमावरून काका एका बसच्या मागे गाडी चालवत होते. शेजारच्या गावात बस थांबली आणि नणंद उतरली. एका गोदामांच्या गल्लीत जाऊन तिने एक शटर वर केलं आणि आत गेली.

"व्यायामशाळा दिसतेय," काका म्हणाले.

"असेल," पंचनामाबाई म्हणाल्या. "चला घरी."

शनिवारी सकाळी काकांच्या गाडीत पाच माणसं कोंबली होती. बाई रात्रभर झोपल्या नव्हत्या. नणंदेला यायचं नव्हतं, पण "तुमचं मत हवंय, ताई" असं म्हटल्यावर तिला नाही म्हणवेना. गोदामांच्या गल्लीपाशी गाडी वळली आणि तिने विचारलं, "इकडे कशाला?"

काकांनी शटरसमोर गाडी उभी केली. तेवढ्यात बाईंचा फोन वाजू लागला. दलाल होता. दहा वाजत आले होते.

"उचलू का?" बाईंनी विचारलं.

"नका उचलू. आधी माझं ऐका. तुमच्या शेडमध्ये तुमच्या गाड्या जळालेल्याच नाहीत."

"मी डोळ्यांनी बघितलंय!"

"तुम्ही तीन सांगाडे बघितलेत. आमच्या ह्यांनी त्यातल्या एकाच्या पत्र्यावर चष्मा शोधला. शेजारच्या सीटच्या पायाशी त्यांनी सगळीकडे हात फिरवला आणि हाताला काही लागलं नाही. मास्तर, दुसरा ब्रेक कशाचा असतो?"

"लोखंडाचा." मास्तरांचा आ वासला. "तो जळणार कसा? पेडल असायला हवं. दांडा असायला हवा."

"चालकाची तिन्ही पेडल जागेवर होती. पलीकडे काहीच नाही. दांड्यासाठी पाडलेलं भोकसुद्धा नाही. तिन्ही गाड्यांत तेच. त्या गाड्यांमध्ये कोणी कधी शिकवलेलंच नाही. भंगारातून आणलेले त्याच जातीचे सांगाडे, त्यांना तुमच्या नंबरच्या नकली पाट्या लावल्या आणि काडी ओढली."

काका स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले. पुरावा त्यांच्याच हातात होता आणि त्यांनी तो साबणाने धुऊन टाकला होता.

"पण जाळायचं कशाला?" मास्तर म्हणाले. "नुसत्या चोरायच्या."

"चोरीच्या गाड्या पोलीस शोधतात. जळालेल्या गाड्या कोण शोधणार? विमा नाही, म्हणजे कंपनीचा माणूसही येणार नाही. हे माहीत असणारं माणूस घरातलंच. सांगाडे आत आणायला बंद गाड्या उचलून नेणारी टोचनगाडी लागली असणार. खांबावरचा पिवळा रंग तिचा. बंब आत आलाच नव्हता. म्हणजे तुम्ही लग्नाला गेलात त्या दोन दिवसांत फाटक उघडलं होतं, आणि ते उघडलंच नाही असं सांगणारं माणूस खोटं बोलत होतं."

बाई सावकाश नणंदेकडे वळल्या. "नाही," त्या पंचनामाबाईंना म्हणाल्या. "तुमचं चुकतंय. आमच्या गाड्या चालवत बाहेर नेल्या असतील ना कोणीतरी? ताईंना चालवता येत नाही."

"माझंही तिथेच अडलं होतं. म्हणून काल ह्यांना चालवायला बसवलं आणि ताईंना शेजारी. काहीतरी गडबड होणार, याची मला खात्री होती."

काका दुखावल्या चेहऱ्याने बायकोकडे बघत राहिले.

"घाबरलेला प्रवासी मागे रेलतो, किंचाळतो, हात तोंडावर घेतो. तुम्ही तेच केलंत. मास्तरांचा पाय मागच्या सीटवर बसूनही ब्रेक शोधत होता, कारण ते शिकवतात. आणि ताई? ताईंनी दोन बोटांनी स्टिअरिंग सावरलं, पाय नसलेल्या ब्रेकवर ठेवला आणि काचेच्या कोपऱ्यात मागचा रस्ता बघितला. शिकवणारा आपला वेगळा आरसा तिथे लावतो. निळ्या गाडीत तो नव्हता, पण सवय होती. नुसतं चालवता येणाऱ्याला ही सवय नसते. ताई कित्येक महिने लोकांना शिकवताहेत."

फोन वाजून वाजून थांबला.

नणंदेने पिशवीतून किल्ली काढली आणि शटर वर केलं. आत तीन गाड्या उभ्या होत्या. धुऊन पुसून लख्ख. बाईंच्या तोंडून एक आवाज निघाला, तो रडण्याचा होता की आणखी कसला, ते काकांना कळलं नाही. त्यांनी पहिल्या गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात ठेवले आणि डोकं टेकलं.

"दादाने शिकवलं होतं मला," नणंद म्हणाली. "पहाटे, कोणी उठायच्या आत. तो म्हणायचा, तुझा हात माझ्यापेक्षा शांत आहे. तो गेल्यावर मी तुला विचारलं होतं, वहिनी, मीही शिकवू का म्हणून. आठवतंय?"

बाईंनी मान वर केली नाही.

"तू हसलीस. म्हणालीस, ताई, तुम्ही आपल्या पावत्या फाडा. मास्तरांसमोर म्हणालीस. वर्षभर संध्याकाळी दुसऱ्यांच्या शाळेत शिकवतेय मी. बायका माझ्याकडेच येतात. म्हटलं, याच गाड्यांवर आपली स्वतःची शाळा काढावी. भावाची शाळा, त्यात माझं काहीच नाही का?"

"म्हणून मला रस्त्यावर आणायचं?" बाई ताठ उभ्या राहिल्या. "आठवडाभर मी झोपले नाहीये. आईच्या बांगड्या मोडल्या. आणि तुम्ही माझ्या शेजारी बसून रडत होतात, ताई! माझ्याबरोबर!"

"रडू खरं होतं," नणंद म्हणाली. "त्याचं काय करू, ते मलाच कळत नव्हतं."

मास्तरांनी घसा खाकरला. "पोलिसांना कळवायचं का?"

सगळे बाईंकडे बघत होते. बाईंनी तिन्ही गाड्यांवरून नजर फिरवली. मग त्यांनी घड्याळ बघितलं.

"कागद?"

"डिकीत आहेत," नणंद म्हणाली. "मूळ पाट्याही."

"पेट्रोल?"

"भरलेलं आहे."

"तपासणीचं आवार इथून लांब आहे," बाई म्हणाल्या. "तिन्ही गाड्या एकदम पोचायला हव्यात. एक मी नेईन. एक मास्तर नेतील."

त्या थांबल्या. काकांनी उत्साहाने हात वर केला. पंचनामाबाईंनी तो लगेच खाली ओढला.

बाईंनी तिसऱ्या गाडीची किल्ली उचलली आणि नणंदेपुढे धरली. त्यांच्या डोळ्यांत माया मुळीच नव्हती.

"तुमच्याशी काय करायचं ते उद्या ठरवीन," त्या म्हणाल्या. "पोलिसांत द्यायचं, की घरातून काढायचं, की आणखी काय, मला आज काही सुचत नाहीये. आज मला तिसरा ड्रायव्हर हवाय. तुम्ही मधे राहा. मी मागून येते."

नणंदेने किल्ली घेतली आणि गुडघ्याची कसलीही तक्रार न करता गाडीत बसली.